भाचीचा लॅपटॉप, भाचीचा डेस्कटॉप आणि मधली दोन वर्षं

२०२२ च्या मध्यावर भाचीला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला आणि दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला, "मामा, लॅपटॉप कुठला घेऊ?" मी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबचं काम बघतो. हा प्रश्न दर वर्षी इतके जण विचारतात की उत्तर तोंडपाठ झालेलं. म्हटलं, "लॅपटॉप घेऊच नकोस. डेस्कटॉप घे."

ते उत्तर चुकलं. दोन वर्षांनी तेच बरोबर ठरलं. हे कसं झालं ते नीट मांडून ठेवावंसं वाटलं, कारण विचारणाऱ्याला आपण यंत्राचं नाव सांगतो आणि 'कधी' हा प्रश्न कुणी काढतच नाही.

घरात तीन मतं होती. भावोजींचं म्हणणं असं की कोर्स पाच वर्षांचा, तेव्हा एकदाच दणदणीत गेमिंग लॅपटॉप घेऊन टाकू, पुन्हा बघायला नको. भाचीला हलकं काहीतरी हवं होतं. होस्टेलपासून स्टुडिओपर्यंत रोज चालत जायचं, पाठीवर आधीच ड्रॉइंगची नळी आणि टी-स्क्वेअर. मी डेस्कटॉपवर अडून बसलेला. पैशाचे आकडे देत नाही, ते सहा महिन्यांत शिळे होतात. पाच वर्षांसाठी जेवढे पैसे बाजूला काढले होते त्यांचे शंभर भाग धरा. भावोजींच्या पसंतीचा लॅपटॉप त्यातले पंच्याऐंशी भाग पहिल्याच महिन्यात खाणार होता.

कागदावरची फसगत

त्या लॅपटॉपचं माहितीपत्रक भावोजींनी मला पाठवलं, त्याच पातळीच्या डेस्कटॉपच्या भागांची यादी शेजारी ठेवून. मुद्दा बिनतोड वाटत होता. लॅपटॉपमध्ये इंटेलचा आय७-१२७००एच प्रोसेसर, १४ कोरचा (कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग). डेस्कटॉपचा आय७-१२७०० फक्त १२ कोरचा. ग्राफिक्स कार्ड दोन्हीकडे आरटीएक्स ३०६०, पण लॅपटॉपच्या कार्डात ३,८४० कुडा कोर (ग्राफिक्स कार्डातले छोटे कोर) आणि डेस्कटॉपच्या कार्डात ३,५८४. "म्हणजे लॅपटॉप वरचढ, शिवाय उचलून नेता येतो. मग वाद कसला?" असा त्यांचा प्रश्न.

वाद वॅटचा आहे. १४ कोरांपैकी ताकदवान कोर सहाच, बाकी आठ वीज वाचवणारे छोटे. डेस्कटॉपच्या १२ मध्ये आठ ताकदवान आणि चार छोटे. लॅपटॉपच्या चिपची मूळ वीजमर्यादा ४५ वॅट, थोड्या वेळापुरती ११५ पर्यंत जाते. डेस्कटॉपची मूळ मर्यादा ६५, वरची १८०. ग्राफिक्सचं तसंच. डेस्कटॉपचं ३०६० कार्ड १७० वॅट घेतं, तर लॅपटॉपमधलं ६० ते ११५ वॅटच्या दरम्यान कुठेतरी, आणि नेमकं कुठे ते लॅपटॉप बनवणारा ठरवतो. त्यामुळे एकाच नावाची चिप असलेले दोन लॅपटॉप एकमेकांपेक्षा बरेच वेगळे चालू शकतात. मेमरीही लॅपटॉपच्या कार्डात ६ जीबी आणि डेस्कटॉपच्या कार्डात १२ जीबी. नाव एक, वस्तू दोन.

फाइल उघडणं, चित्र फिरवून बघणं अशा कामांत हा फरक जाणवतही नाही, ती सेकंदांत संपतात. रेंडरिंग, म्हणजे मॉडेलवरून प्रकाश-सावलीसकट खरंखुरं चित्र बनवणं, तासभर चालतं. पहिली काही मिनिटं लॅपटॉप जोरात पळतो, मग आत साठलेली उष्णता बाहेर फेकायला त्या दोन बोटं जाडीच्या डब्यात जागा उरत नाही, आणि चिप आपणहून वेग उतरवते. यात बिघाड काही नाही, तशीच रचना असते.

बॅटरीचा हिशेब मी भावोजींना पाठकोऱ्या कागदावर करून दाखवला. प्रोसेसरला ४५ आणि ग्राफिक्सला ११५ धरले तर १६० वॅट झाले. विमानात परवानगी न काढता नेता यावी म्हणून लॅपटॉपची बॅटरी १०० वॅट-तासांच्या आत ठेवतात. समजा ९० ची आहे. ९० भागिले १६०, म्हणजे अर्ध्या तासाच्या जेमतेम पुढे. म्हणूनच असे लॅपटॉप चार्जर काढला की ग्राफिक्सची ताकद बरीच कमी करतात. तेव्हा उचलून नेता येतो ते यंत्र, त्याची ताकद भिंतीवरच्या प्लगपाशीच राहते. त्यात तो विटेएवढा चार्जर रोज वाहायचा.

इथपर्यंत मी जिंकत होतो. मग भाचीने विचारलं, "पण मामा, मला रेंडरिंग करायचंय कधी?" मला उत्तर देता आलं नाही.

सहा आठवड्यांची वही

मी लॅबमध्ये असतो, आर्किटेक्चरच्या स्टुडिओत नाही. म्हणून ठरवलं की आधी काही घ्यायचंच नाही. माझ्याकडे एक जुना लॅपटॉप पडून होता, तो तिला दिला आणि एक वही लावायला सांगितली. कॉम्प्युटर उघडला की चार गोष्टी लिहायच्या: कुठे बसलीस, किती वेळ, काय केलंस, आणि यंत्रामुळे अडलं का. तिने पहिल्या आठवड्यात कुरकुर केली, मग नेमाने लिहिलं. सोबत अभ्यासक्रमाची प्रत मागवली आणि वरच्या वर्गातल्या दोन मुलींना विचारून कोणतं सॉफ्टवेअर कोणत्या सत्रात लागतं ते काढलं.

वही वाचून माझी खात्री डळमळली. पहिल्या सत्रात तिचं जवळजवळ सगळं ड्रॉइंग हातानं होतं. ते कागदावर, बोर्डावर, कधी पुठ्ठ्याचं मॉडेल. कॉम्प्युटर लागत होता तो संदर्भ शोधायला, निबंध लिहायला, सादरीकरण लावायला आणि मोजणीला गेल्यावर फोटो उतरवून घ्यायला. एका बैठकीत सहसा चाळीस मिनिटांच्या वर नाही. आणि जागा? स्टुडिओ, वाचनालय, जिना, मैत्रिणीची खोली. स्वतःच्या टेबलाशी बसून केलेलं काम सहा आठवड्यांत बोटांवर मोजण्याइतकं. मी सांगितलेला डेस्कटॉप त्या टेबलावर रोज तिची वाट बघत बसला असता.

'यंत्रामुळे अडलं' या रकान्यात एकच तक्रार सारखी येत होती, बॅटरी संपली. स्टुडिओत साठ टेबलं आणि प्लग भिंतीच्या कडेला.

(वर्गात नोट्स टाइप करायला तरी लॅपटॉप हवाच, हे भावोजींचं आणखी एक म्हणणं होतं. २०१४ मध्ये पॅम म्युलर आणि डॅनियल ऑपनहायमर यांचा एक अभ्यास गाजला होता. हाताने लिहिणाऱ्यांना संकल्पना अधिक कळतात, कारण टाइप करणारे ऐकलेलं शब्दशः उतरवत जातात, असा त्याचा सूर. पुढे तोच प्रयोग इतरांनी करून पाहिला तेव्हा फरक इतका स्पष्ट निघाला नाही. भाचीने हा वाद एका वाक्यात मिटवला: आमच्या नोट्समध्ये निम्मी चित्रं असतात, ती टाइप कशी करणार?)

वरच्या वर्गातल्या मुलींकडून कळलेलं मात्र महत्त्वाचं होतं. दुसऱ्या वर्षी ऑटोकॅड आणि स्केचअप. रेव्हिट (इमारतीचं मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) आणि खरं जड रेंडरिंग तिसऱ्या वर्षापासून, आणि सगळ्यात जास्त भार शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाला. म्हणजे पहिल्या महिन्यात घेतलेला महागडा लॅपटॉप दोन वर्षं निबंध लिहिणार, आणि खरी गरज पडेल तेव्हा वॉरंटी संपलेली, बॅटरी थकलेली, पंख्यात धूळ. पाच वर्षं टिकावं म्हणून घेतलेलं यंत्र पाचव्या वर्षी सगळ्यात दुबळं आणि काम तेव्हाच सगळ्यात अवजड, हे गणित आधी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

पहिली खरेदी

ठरलं ते असं: आता हलका, साधा लॅपटॉप. उरलेले पैसे बाजूला. तिसरं वर्ष सुरू होताना पुन्हा वही काढायची आणि तेव्हा बघायचं.

मॅक हवा का, हा प्रश्न पाच मिनिटांत निकालात निघाला. रेव्हिट आणि थ्रीडीएस मॅक्स फक्त विंडोजवर चालतात, आणि २०२० च्या अखेरीस आलेल्या ॲपलच्या स्वतःच्या चिपांवर पूर्वीसारखं बूट कॅम्प या ॲपलच्याच सोयीने विंडोज टाकता येत नाही. दुसऱ्या कुठल्या शाखेत असती तर मी वेगळं बोललो असतो. आयफोनसाठी ॲप बनवायचं तर एक्सकोड लागतं आणि ते फक्त मॅकवर. तिथे हेच उत्तर बरोबर उलटं.

घेतला तो १.४ किलोचा, रायझन ५ ५६२५यू चिपचा. सहा कोर, १५ वॅट, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, ५१२ जीबी एसएसडी. या पातळीच्या यंत्रांत चिपवरून फार डोकं खपवण्यात अर्थ नसतो. खपवायचं ते रॅमवर. पहिल्यांदा जो लॅपटॉप नक्की करत आणला होता त्यात ८ जीबी रॅम होती आणि ती बोर्डवर डाग दिलेली, पुढे वाढवायची सोयच नाही. माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. सर्व्हिस मॅन्युअल उघडून आतला फोटो पाहिला तेव्हा लक्षात आलं. मग ८ जीबी बोर्डवर आणि एक स्लॉट मोकळा असलेला शोधला आणि लगेच आणखी ८ ची पट्टी टाकून १६ केली. शंभरातले एकेचाळीस भाग गेले, पट्टी धरून.

एक चूक तरीही राहिली: पडदा. माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' (पडदा किती रंग दाखवतो याचं एक माप) असं बारीक अक्षरांत होतं आणि मी ते सोडून दिलं. एसआरजीबी हा पडद्यांवरच्या रंगांचा नेहमीचा संच, तो संपूर्ण दाखवायचा म्हणजे साधारण ७२ टक्के एनटीएससी. ४५ च्या पडद्यावर रंग धुतल्यासारखे दिसतात, विशेषतः लाल. निबंधाला काय फरक पडतो, असं माझं मत. दुसऱ्या वर्षी तिने विटांच्या भिंतीचं एक शीट केलं. पडद्यावर विटा फिक्या दिसत होत्या म्हणून रंग वाढवत गेली आणि छापून आल्यावर भिंत टोमॅटोसारखी. परीक्षकांनी विचारलंच.

मधला टप्पा

त्या शीटनंतर जी खरेदी केली ती मला या प्रकरणातली सगळ्यात शहाणी वाटते, आणि ती कुठल्याच वादात नव्हती. २७ इंची मॉनिटर, २५६० गुणिले १४४० चा, एसआरजीबी जवळजवळ पूर्ण दाखवणारा. शिवाय बरा कीबोर्ड आणि माऊस. मिळून चौदा भाग. ही सामग्री कुठल्याही यंत्राची बांधील नसते. आज लॅपटॉपला लावली, उद्या डेस्कटॉपला.

दुसऱ्या वर्षी तिची मान दुखायला लागली होती, तीही त्यामुळे बरी झाली. लॅपटॉपमध्ये पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले. हात नीट ठेवावेत तर मान वाकते, पडदा डोळ्यांसमोर आणावा तर हात वर जातात. बाहेरचा मॉनिटर लावला की भांडण मिटतं. वहीतली टेबलाशी बसून काम केल्याची नोंद त्या वर्षी हळूहळू वाढत गेली. बैठक तीन-चार तासांवर गेली. स्केचअपचं मॉडेल मोठं झालं की लॅपटॉप अडखळायचा. मोठी रेंडरिंग ती कॉलेजच्या लॅबमध्ये करायची, पण लॅब रात्री आठला बंद. लॅब बंद करणाऱ्यांची बाजू मला माहीत आहे, तरी भाचीपुढे ती मांडायची हिंमत झाली नाही.

डेस्कटॉपची पाळी

२०२४ च्या मध्यावर तिसरं वर्ष सुरू होताना ती होस्टेल सोडून दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या घरात राहायला गेली. स्वतःची खोली, स्वतःचं टेबल. होस्टेलमध्ये तिघींत एक खोली असताना रात्रभर पंखे घोंघावणारं यंत्र ठेवणं शक्यच नव्हतं. ही अडचण २०२२ मध्ये मी जमेतच धरली नव्हती.

या वेळी यादी तिने केली, मी फक्त खुणा केल्या. रायझन ७ ७७००, आठ कोर, मूळ मर्यादा ६५ वॅट, म्हणजे गरम कमी. ३२ जीबी रॅम, दोनच पट्ट्यांत, दोन स्लॉट मोकळे ठेवून. रेव्हिटमध्ये मॉडेल बनवताना बरीचशी कामं एकाच कोरवर चालतात, तेव्हा तिथे कोरांच्या संख्येपेक्षा एका कोरचा वेग जास्त कामाचा. प्रोसेसरवरच्या रेंडरिंगला मात्र जितके कोर तितके हवे. आठवर दोन्ही भागतं.

ग्राफिक्स कार्डावरून आमची दोन संध्याकाळी चर्चा झाली. बजेटात दोन बसत होती: नवं आरटीएक्स ४०६० आणि जुनं आरटीएक्स ३०६०. वेगात ४०६० पुढे, वीजही कमी, ११५ वॅट. पण मेमरी ८ जीबी, आणि मागच्या पिढीतल्या ३०६० ला १२ जीबी. दुकानदार नवीनच घ्या म्हणत होता. तिने लॅबमधल्या यंत्रावर स्वतःचं गेल्या सत्रातलं दृश्य उघडून मेमरी किती भरते ते पाहिलं: झाडं, गवत, फर्निचर धरून नऊ जीबीच्या पुढे. दृश्य कार्डाच्या मेमरीत मावलं नाही तर काही रेंडरर सरळ थांबतात, काही संगणकाच्या रॅमकडून उसनं घेतात आणि भयंकर मंदावतात. वेगवान कार्ड थांबलं तर त्याच्या वेगाचं करायचं काय? ३०६० घेतलं. तिच्या वर्गात खेळ खेळणाऱ्या एका मुलाने ४०६० घेतलं आणि त्याच्यासाठी तेही बरोबरच होतं.

डेस्कटॉपला एकूण चाळीस भाग लागले. उरलेल्या पाचात यूपीएस बसवायचा होता आणि तिथे मी कंजूषपणा केला. ६०० व्हीएचा घेतला. व्हीए म्हणजे वॅट नव्हे, हे मी दर वर्षी लॅबमधल्या नव्या माणसाला शिकवतो. त्या यूपीएसची खरी मर्यादा ३६० वॅट होती. नुसता संगणक चालू असताना भरपूर. रेंडरिंगमध्ये कार्ड १७०, प्रोसेसर ८०-९०, मॉनिटर, बाकी बोर्ड आणि पंखे, वर पॉवर सप्लायमध्ये वाया जाणारी वीज धरली तर अगदी काठावर. सबमिशनच्या आदल्या रात्री वीज गेली, यूपीएसने एक लांब शिट्टी मारली आणि सगळं बंद. चार तासांचं रेंडर गेलं. लॅपटॉपमध्ये बॅटरी हाच यूपीएस असतो, ही गोष्ट डेस्कटॉपवाले सोयीस्कर विसरतात. दुसऱ्या आठवड्यात १००० व्हीएचा आणला आणि शंभरावर तीन भाग चढले.

दोन यंत्रं असण्याचा एक त्रास मात्र मला आधी दिसलाच नव्हता. लॅपटॉपवर रेव्हिट २०२४ होतं. नव्या डेस्कटॉपवर तिने सहज म्हणून २०२५ टाकलं. विद्यार्थ्यांना ते फुकट मिळतं. रात्री डेस्कटॉपवर फाइल उघडली, काम केलं, सेव्ह केली. सकाळी रिव्ह्यूला लॅपटॉप घेऊन गेली तर फाइल उघडेना. रेव्हिटची फाइल नव्या आवृत्तीत सेव्ह झाली की जुन्या आवृत्तीत परत नेता येत नाही, असा पर्यायच नाही. फोनवर मला म्हणाली, "मामा, यंत्रं दोन आणि अक्कल एक असं झालंय." त्या दिवशी पीडीएफवर भागवलं. तेव्हापासून तिचा गट सत्राच्या सुरुवातीलाच आवृत्ती ठरवतो आणि सत्र संपेपर्यंत कुणी बदलत नाही.

स्टुडिओत बसून घरच्या डेस्कटॉपला हात घालायचा प्रयोग निम्माच जमला. विंडोजच्या होम आवृत्तीला बाहेरून रिमोट डेस्कटॉपने जोडता येत नाही, त्याला प्रो लागते. दुसरं साधन टाकलं तर कॉलेजच्या नेटवर्कने ते अडवलं. मोबाइलच्या इंटरनेटवर चालतं. रेंडर कुठवर आलं ते बघायला, बिघडलं असेल तर थांबवायला पुरतं. त्यावर मॉडेल बनवणं म्हणजे हातमोजे घालून सुईत दोरा ओवणं.

आत्ताची स्थिती

चौथं वर्ष चालू आहे. मधे घर एकदा बदललं. डेस्कटॉप हलवताना ग्राफिक्स कार्ड काढून वेगळ्या खोक्यात भरलं, कारण धक्क्याने त्या जड कार्डाचा भार स्लॉटवर येतो. लॅपटॉप अजून रोज पाठीवर असतो. तीन वर्षांच्या वापराने बॅटरीची क्षमता मूळच्या सत्तर टक्क्यांवर आली आहे. भावोजी नवीन लॅपटॉप घेऊ म्हणतात. मी मागचं झाकण उघडून पाहिलं. बॅटरी चिकटवलेली नाही, चार स्क्रूंवर आहे.

नवी बॅटरी मागवली आहे. डेस्कटॉपचे रॅमचे दोन स्लॉट अजून रिकामेच आहेत आणि प्रबंधाचं वर्ष यायचंय. भाचीने परवा वहीचं नवं पान काढून वर तारीख टाकली.